व्यापक सापेक्षता खरोखर तिघांनाच कळते काय?

बीएस्सीचे निकाल लागले की कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर हटकून फिरतो: ‘व्यापक सापेक्षता जगात तिघांनाच कळली; तिचे गणित विद्यापीठात शिकून येत नाही; आणि व्यवहारात तिचा उपयोग शून्य.’ आइन्स्टाइनच्या या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताविषयीची ही तिन्ही विधाने चुकीची आहेत, मात्र मधल्या विधानात थोडे तथ्य आहे.

‘तिघांची’ गोष्ट ही 1919 च्या सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांनंतर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याविषयी सांगितली जाणारी आख्यायिका आहे, आणि तेव्हा सिद्धांत जेमतेम चार वर्षांचा होता. कोल्हापुरातच 1908 मध्ये जन्मलेल्या विष्णु वासुदेव नारळीकरांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचे संशोधन रुजवले, आणि त्यांच्याकडे काम केलेल्या प्र. चु. वैद्य यांनी 1943 मध्ये प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे जे उत्तर काढले, ते आज ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने ओळखले जाते.

गणित अवघड आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. खुद्द आइन्स्टाइनना 1912 मध्ये त्यासाठी ग्रोसमान या गणितज्ञ मित्राकडे जावे लागले. परंतु बहुचल कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, विकलक समीकरणे, लाग्रांजची यांत्रिकी आणि मर्यादित सापेक्षता एवढी तयारी पदवीपर्यंत झालेली असेल, तर खऱ्या अर्थाने नवीन उरतो तो टेन्सर, म्हणजे सदिशाची कल्पना आणखी व्यापक करणारी गणिती राशी. तोही व्याख्या घोकून हाती येत नाही. पुस्तकाचे पहिलेच प्रकरण व्याख्यांनी भरलेले असेल, तर ते खुशाल बाजूला ठेवावे आणि आधी गोलाचा पृष्ठभाग घ्यावा: विषुववृत्तावरून एकमेकींना समांतर निघालेल्या दोन रेखावृत्तांवर कोणतेही बल नसताना ती ध्रुवावर का मिळतात, हे अंतराच्या सूत्रावरून स्वतः काढून पाहिले की वक्रता म्हणजे काय ते कळते. वक्र अवकाशातले सरळ मार्ग काढायला लागणारे गुणांक, म्हणजे ख्रिस्टोफेल चिन्हे, चार मितींत 40 होतात आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पण एकाच गोल ताऱ्याभोवतीच्या क्षेत्रासाठी श्वार्त्सशिल्ड यांनी 1916 मध्ये दिलेल्या उत्तरात सममितीमुळे त्यांतली केवळ 9 शून्येतर राहतात, आणि लाग्रांजच्या पद्धतीने ती एका दुपारी हाताने काढता येतात. तेथून पुढे बुधाच्या कक्षेचे शतकामागे 43 विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकणे, ज्याचा हिशेब न्यूटनच्या नियमांनी लागत नव्हता, ते वहीच्या तीन-चार पानांत उतरते.

उपयोगाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे क्षीण गुरुत्वामुळे दिवसाला सुमारे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे 7 मागे पडतात. उरलेल्या 38 मायक्रोसेकंदांत प्रकाश सुमारे 11 किलोमीटर जातो, म्हणून त्या घड्याळांची वारंवारता उड्डाणापूर्वीच किंचित कमी करून ठेवतात. मजकूर पुढे पाठवणाराही पन्हाळ्याची वाट त्याच जीपीएसवर शोधतो. गडावरचे घड्याळ रंकाळ्याकाठच्या घड्याळापेक्षा जलद चालते, दर 100 मीटर उंचीमागे दिवसाला साधारण 0.9 नॅनोसेकंद, आणि एवढा फरक आजच्या आण्विक घड्याळांना मोजता येतो.