सात दिवस आहेत म्हणून घरी जाऊ नका

‘बॅग फुटली तरी घाबरू नका, तक्रारीला सात दिवस असतात’ हे विमानप्रवासातल्या सामानावरच्या लेखातलं वाक्य मला अर्धवट वाटलं. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईबद्दलच्या १९९९च्या माँट्रियल करारात लेखी तक्रारीला सात दिवस आहेत हे खरं. पण त्याच करारात असंही आहे, की तक्रार न करता सामान ताब्यात घेतलं तर ते सुस्थितीत मिळालं असं प्रथमदर्शनी मानलं जातं. मग नंतर सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते.

माझ्या बॅगेचं चाक मुळासकट उखडलं होतं. रात्रीची वेळ, सगळे थकलेले, म्हणून तसेच बाहेर पडलो. तिसऱ्या दिवशी विमान कंपनीला मेल केला, तर उत्तर आलं, ‘विमानतळावरचा अहवाल कुठे आहे?’ सामानाच्या पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर (म्हणजे हाच सामानाच्या नुकसानीचा अहवाल) भरून त्याचा क्रमांक घ्यायला वीस मिनिटं लागली असती, त्याऐवजी दोन महिने पत्रापत्री झाली. बॅगेचा टॅग आणि बोर्डिंग पास जपून ठेवला होता (एरवी मी फेकून देते), म्हणून निदान दुरुस्तीचा खर्च मिळाला. लेखात हे ठळकपणे यायला हवं होतं. आणि हो, बॅग देण्यापूर्वी तिचा एक फोटोही काढून ठेवा.