संपातही शाळेची फेरी चालू ठेवा

एसटीचा संप लागला की फेसबुकवर लगेच दोन तट पडतात. मी कामगारांच्या बाजूचा. पगारच वेळेवर होत नसेल तर माणसाने स्टेअरिंगवर बसायचं तरी कशाच्या जोरावर? पण २०२१-२२ च्या संपातली एक गोष्ट मला आजही पटलेली नाही.

कोरोनानंतर ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला भरू लागले आणि त्याच महिन्याच्या अखेरीला एसटी थांबायला लागली. नोव्हेंबरात जवळपास सगळे डेपो बंद. एसटी महामंडळ राज्य सरकारमध्ये विलीन करा या मागणीवरून ताणलेलं ते प्रकरण मिटलं कधी, तर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर या म्हणून सांगितलं तेव्हा. मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांना निदान ट्रॅव्हल्स तरी होत्या, खिसा रिकामा करून का होईना. वाडीवरच्या आठवीतल्या मुलीकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास होता, पण वडापवाला, म्हणजे खासगी जीपवाला, पास बघत नाही. सरकारने तर मालवाहू गाड्यांनाही प्रवासी न्यायची परवानगी देऊन टाकली. (टेम्पोत उभं राहून गणिताच्या तासाला जायचं. वा!)

इटलीत संप काही कमी होत नाहीत. पण तिथे १९९० पासून कायदा आहे. आगाऊ सूचना द्यावी लागते आणि रेल्वेचा संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या गाड्या धावतातच.

आपल्याकडे वेळेऐवजी फेऱ्या ठरवा. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी मुक्कामी गाडी आणि शाळा सुटल्यावरची परतीची फेरी, बास. कुठल्या मार्गावर, ते संघटना आणि डेपो मॅनेजरने जूनमध्येच, वातावरण थंड असताना लिहून ठेवावं आणि यादी स्टँडवर लावावी. त्या फेरीवर गेलेल्या चालकाला कुणी फुटीर म्हणायचं नाही. आणि महामंडळानेही त्या गाड्या मोजून 'संप फसला' अशी बातमी द्यायची नाही. ही दुसरी अट मोडली तर संघटना पुन्हा कधी ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

संपाची धार कमी होईल म्हणता? गल्ल्याला झळ बसते ती सणाच्या जादा गाड्या थांबल्यावर. सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीच्या तोंडावर संप झाला आणि दोन दिवसांत साडेसहा हजारांची पगारवाढ जाहीर झाली. सरकार हललं ते कोकणात निघालेले चाकरमानी खोळंबतील म्हणून, पासवाल्या पोरींसाठी नव्हे.