दोन अक्षरांची अदलाबदल

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वापरू आणि बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, योगदान कसं द्यायचं, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: 'छोट्यापासून सुरुवात करा.' सल्ला उत्तम आहे. पण माझं म्हणणं एवढंच, की यात छोटं असतं ते काम. सुरुवात नव्हे.

समजा, एखाद्या प्रकल्पाच्या रीडमीमध्ये, म्हणजे ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, 'रिसीव्ह'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय. ई आणि आय एकमेकांच्या जागेवर बसलेत. दोघांना उठवायचं आणि आपापल्या जागी बसवायचं. दोनदा खोडा, दोनदा टाइप करा. बटणं मोजून चार.

आता नमनाचं तेल. आधी परवान्याची फाइल शोधा. ती नसेल तर कोड उघड्यावर असला तरी ओपन सोर्स नाही. बघा, पण हात लावू नका. मग शेवटचं कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, कधीचं, हे बघा. तीन वर्षांपूर्वीचं असेल तर तिथे आपली दुरुस्ती स्वीकारायला कुणी बसलेलं नाही. मग उघड्या आणि बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्या, चाळा, कारण हीच दोन अक्षरं आपल्याआधी कुणाला तरी खुपलेली असू शकतात. शेवटी 'कॉन्ट्रिब्युटिंग' ही फाइल वाचा. कुठे लिहिलेलं असतं, आधी इश्यू उघडा, म्हणजे चूक नोंदवा. कुठे असतं, प्रत्येक कमिटवर साइन-ऑफ हवा. ही प्रथा लिनक्स कर्नलमध्ये २००४ साली आली. कमिट करताना डॅश एस जोडलं की तळाला आपलं नाव आणि ईमेल असलेली ओळ येते. तिचा अर्थ, हा बदल द्यायचा मला कायदेशीर अधिकार आहे. म्हणजे हा ई आणि हा आय कुठून चोरून आणलेले नाहीत, हे आपण लेखी देतो.

मग फोर्क करा, म्हणजे प्रकल्पाची प्रत कोड ठेवायच्या साइटवरच्या, बहुधा गिटहबवरच्या, आपल्या खात्यात येते. क्लोन, म्हणजे आपल्या संगणकावर उतरवणं, मात्र त्या प्रतीचं करा. मूळ प्रकल्पाचं केलंत तर सगळं काम होईपर्यंत गिट, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, गप्प बसतं आणि पुश करताना, म्हणजे बदल साइटवर चढवताना, सांगतं, की तुम्हाला परवानगी नाही. आपली प्रत 'ओरिजिन' आणि खरा उगम 'अपस्ट्रीम', ही नावं ज्याने रुजवली त्याला नवशिक्यांचा राग असावा. प्रकल्प मोठा असेल तर क्लोन करताना डेप्थ १ द्या. नाहीतर दोन अक्षरांपायी वीस वर्षांचा इतिहास उतरवत बसाल. आणि वेगळी ब्रँच, म्हणजे कामाची स्वतंत्र शाखा, काढा. थेट मेन या मुख्य ब्रँचवर काम केलंत तर पुढच्या पुल रिक्वेस्टमध्ये आधीच्या कमिटही शेपटासारख्या मागे येतात.

आता ती चार बटणं दाबा.

खरा घात इथेच होतो. फाइल सेव्ह करताच एडिटरला सेवेची हुक्की येते. तो ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा झाडतो, टॅबचे स्पेस करतो, विंडोज असेल तर ओळ संपवायची खूणसुद्धा बदलून ठेवतो. आपण बदलली दोन अक्षरं. गिट दाखवतं, की फाइलमधली ओळ न् ओळ बदलली. म्हणून कमिटआधी 'गिट डिफ', म्हणजे नेमकं काय बदललं ते, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बदल एका ओळीपेक्षा जास्त दिसला तर सेव्ह करताना फॉरमॅट करण्याची सोय बंद करा, फाइल पूर्ववत करा आणि ती चार बटणं पुन्हा दाबा. कमिटसाठी बदल निवडणाऱ्या 'गिट अॅड'ला डॅश पी जोडलं तर ते प्रत्येक तुकडा दाखवून 'हा घेऊ का?' विचारतं. इतकं अदबशीर गिट दुसरीकडे कुठेच नसतं.

कमिटच्या संदेशाची पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत, आज्ञार्थी, शेवटी पूर्णविराम नाही. दोन अक्षरांच्या बदलाला पन्नास अक्षरांचं निवेदन. पुश करताना पासवर्ड मागितला आणि तो बरोबर असूनही नाकारला गेला, तर स्वतःच्या स्मरणशक्तीवर संशय घेऊ नका. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी पासवर्ड घेणं थांबवलं. पासवर्डऐवजी टोकन काढा किंवा ओळख पटवणारी एसएसएच किल्ली बनवा. किल्लीच्या दोन फायली तयार होतात. नावाच्या शेवटी 'पब' असलेली साइटवर चिकटवायची, दुसरी जिवापाड जपायची. घाईत नेमकी दुसरीच चिकटवली जाते.

पुल रिक्वेस्ट उघडली की स्वयंचलित चाचण्या धावतात आणि लाल फुली येते. घाबरण्याआधी मेन ब्रँच बघा. तीही लाल असेल तर फुली आपली नाही. ती दुरुस्त करायलाही जाऊ नका.

मग शांतता. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, बहुधा बिनपगारी, त्यातून पोळलेला. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्टींवर टी-शर्ट मिळत होता, तेव्हा रीडमीत उगाच एखादा शब्द घुसडणाऱ्यांची झुंबड उडाली. २०२४ मध्ये एक्सझेड या फायली आवळणाऱ्या साधनाच्या प्रकरणात तर उलटं झालं. दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे मदत करणाऱ्यानेच चोरदरवाजा बसवला, आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका अभियंत्याच्या शंकेमुळे तो सापडला. तेव्हा अनोळखी माणूस फुकट दोन अक्षरं द्यायला आलाय म्हटल्यावर मेंटेनर दोनदा बघणारच. दोन आठवडे थांबा, मग एकदाच नम्र आठवण करा.

उत्तर येतं: 'धन्यवाद. पण ही फाइल आपोआप तयार होते, बदल टेम्प्लेटमध्ये करा.' पुन्हा चार बटणं. 'आता दोन्ही कमिट एक करा.' म्हणजे रिबेस, आणि इतिहास बदलल्यामुळे पुश जबरदस्तीने. त्यातही 'फोर्स विथ लीज' वापरा. आपल्या नकळत त्या ब्रँचवर कुणी भर घातली असेल तर ते पुश अडवतं, नुसतं फोर्स सरळ पुसून टाकतं.

आणि एके दिवशी मर्ज होतं, म्हणजे बदल मूळ प्रकल्पात जातो. बघायला जावं तर कमिटशेजारी आपल्या फोटोऐवजी करडी आकृती. कारण गिटच्या कॉन्फिगमधला, म्हणजे सेटिंगमधला, ईमेल खात्यातल्या ईमेलशी जुळत नाही. हे सोपं आहे; तो ईमेल खात्यात जोडला की जुनी कमिटही आपल्या नावावर येतात. कॉन्फिगमध्ये स्वतःच्या नावाचंच स्पेलिंग चुकलेलं असेल, तर मात्र ते आता इतिहासात गेलं. गिटच्या योगदान देणाऱ्यांच्या यादीत ते नीट दिसावं, म्हणून 'मेलमॅप' नावाच्या फाइलमध्ये एक ओळ घालता येते. ओळ छोटीच आहे. त्यासाठी पुल रिक्वेस्ट उघडावी लागते.