रोजचे दीडशे

आज बँकेतून घरी आले तेव्हापासून डोकं तापलंय. चहा केला तोही गार झाला. लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

भांडुप स्टेशनबाहेर पश्चिमेच्या बाजारात एक पोरगा आहे, असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. संध्याकाळी साडेपाचला हातगाडी ढकलत येतो. गाडीवर चाळीस बॅटऱ्या आणि चाळीस एलईडी दिवे. एकेका भाजीवालीपुढे, चपलावाल्यापुढे, मोबाइल कव्हरवाल्यापुढे बॅटरी ठेवायची, दोन चिमटे लावायचे, दिवा छत्रीच्या दांड्याला अडकवायचा. रात्री साडेदहाला सगळं गोळा करून घरी. भाडं एका दिव्याला रोजचे पंचवीस रुपये. बाजारात त्याला सगळे 'लाइटवाला' म्हणूनच ओळखतात.

त्याला कर्ज हवंय, एक लाख वीस हजारांचं. टेकडीवर आईच्या नावाची खोली आहे, तिच्या पत्र्यावर एक किलोवॅटची सौर पॅनेलं टाकायची आणि शिशाच्या जड बॅटऱ्या काढून लिथियमच्या घ्यायच्या. दिवसभर बॅटऱ्या घरीच असतात, म्हणजे उन्हाच्या वेळेतच चार्ज होतील. आत्ता तो घरच्या मीटरवर चार्ज करतो. महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी युनिट त्यातच जातात, बिल शंभर युनिटांच्या वर जातं आणि वरच्या दराने लागतं. शिवाय घरगुती मीटरवर धंदा करतो म्हणून कोणी तक्रार करेल ही धास्ती वेगळीच.

मी चोवीस वर्षं पतपेढीच्या काउंटरवर काढली, हे त्याला माहीत आहे. म्हणाला, "काकी, तुम्ही चला बरोबर, मला त्या लोकांशी बोलता येत नाही." गेले.

बँकेतल्या साहेबांनी विचारलं, दुकानाचा परवाना? नाही. गाळ्याचा भाडेकरार? गाळाच नाही, तर करार कुठून आणणार. तीन वर्षांची रिटर्न्स? नाहीत. मग तारण काय देणार? मी म्हटलं, साहेब, छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, २०१५ पासून योजना आहे. तर म्हणे, "मॅडम, कागदावर ठीक आहे, पण आम्हाला बघावं लागतं." तेव्हा पोरानं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. दोन बोटांनी कडेला सरकवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

ती वही मी पाहिलेली आहे, म्हणून जास्त लागलं. चार वर्षांच्या अशा सहा वह्या त्याच्याकडे आहेत. पानाच्या वर तारीख. डाव्या बाजूला नावं: मेथी मावशी, लिंबू, चपला भाऊ, कव्हर एक, कव्हर दोन, गजरे. नावापुढे २५ किंवा फुली. पाऊस असेल त्या दिवशी तारखेशेजारी छोटीशी छत्री काढलेली. मधेच कुठे लिहिलेलं, "बॅ. १७ उतरली, पावणेआठला बदलली, पैसे नाही घेतले." पतपेढीत मी शेकडो वह्या तपासल्या, सीए लोकांनी बनवून दिलेल्याही तपासल्या. इतका प्रामाणिक हिशोब फार कमी वेळा बघायला मिळाला. आणि तो माणूस म्हणतो कागदपत्रं नाहीत!

बँकेत बसल्या बसल्या मी पावतीच्या पाठीमागे हिशोब मांडला होता. एक लाख वीस हजार, तीन वर्षं, अकरा टक्के. महिन्याला चार हजारांच्या थोडं आत. सव्वीस दिवस धंदा धरला तर दिवसाला दीडशे. पोराचं रोजचं भाडं हजाराच्या घरात, छत्रीच्या दिवशी सातशे. त्यातून दीडशे निघणार नाहीत?

त्या मेथी मावशींचं सांगते. पूर्वी त्या मागच्या दुकानातून वायर ओढून एक बल्ब लावायच्या, दुकानदार रोजचे पन्नास घ्यायचा. पावसात ती वायर डबक्यातून जायची, जोडाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. मी भाजी घ्यायला वाकले की माझ्याच पोटात गोळा यायचा. दुकान लवकर बंद झालं की मावशींचा धंदाही बंद, उरलेली मेथी दहाला दोन जुड्या करून द्यायची. आता त्यांच्या पुढ्यात बॅटरी असते, साडेदहापर्यंत बसतात. एकदा म्हणाल्या, "ताई, अंधारात मेथी पण काळी दिसते. उजेड असला की माणूस थांबतं." एवढ्या वर्षांत विजेबद्दल याहून खरं कोणी माझ्यासमोर बोललेलं नाही.

आता माझा राग त्या एका साहेबांपुरता राहिलेला नाही. वीज पोचवायची म्हटलं की आपल्याकडे खांब, तार आणि उद्घाटनाची फीत एवढंच डोळ्यांपुढे येतं. घारापुरीचं बघा. गेटवेवरून लाँचने तासाभराचं अंतर, आणि तिथल्या तीन गावांत वीज पोचली २०१८ साली, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. तोवर संध्याकाळी थोडे तास डिझेल जनरेटर, मग अंधार. केबल आली याचा आनंद आहेच, ती हवीच होती. पण मधली सत्तर वर्षं त्या पोरांनी अभ्यास कशाखाली करायचा, हा प्रश्न कोणाला पडला होता?

आणि तार जात नाही तिथे आपण काय करतो? दान करतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या लोकांबरोबर मोखाड्याकडच्या एका पाड्यावर गेले होते. आदल्या वर्षी त्यांनीच सौर दिवे बसवले होते, त्याचे फोटो काढायचे होते. अकरा खांबांपैकी दोनच दिवे लागत होते. बॅटरीत पाणी घालायला कोणी नाही, फ्यूज गेला तर बदलायला कोणी नाही, फोन करावा तर नंबर ठाण्याचा आणि तो लागतच नाही. एका बाईने दोन खांबांना दोरी बांधून गोधड्या वाळत घातल्या होत्या. आमच्यातल्या एकाने तिला फोटोसाठी त्या काढायला सांगितल्या आणि तिने काढल्या. मी काही बोलले नाही. ते आठवलं की अजून लाज वाटते.

त्या पाड्यावर हा आमचा लाइटवाला असता तर? त्याच्या पोटाचा प्रश्न असता, म्हणून तो रोज फिरला असता. दिवा विझला तर त्याचे पंचवीस रुपये बुडतात, म्हणून तो पावणेआठला धावत येतो. दान देणाऱ्याचं काय बुडतं?

हे मी नवीन सांगत नाही. कर्नाटकात हरीश हंडे यांनी १९९५ मध्ये सेल्को काढली, गरिबांना सौर दिवे विकायला. फुकट वाटायला काढली नाही. ग्रामीण बँकांना गळ घालून कर्जं मिळवून दिली, दुरुस्तीवाले गावाजवळ ठेवले. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळाला. ते एका भाजीवालीची गोष्ट सांगतात, महिन्याला तीनशे तिला जड वाटायचे, रोजचे दहा चालत होते. आमच्या मेथी मावशी यापेक्षा वेगळं काय सांगतात? बांगलादेशात २००३ पासून हप्त्याने घरगुती सौर संच द्यायला सुरुवात झाली, चाळीस लाखांहून जास्त घरांत पोचले. ग्रामीण शक्तीसारख्या संस्थांची माणसं हप्त्याला दारात यायची आणि तेव्हाच संचही तपासून जायची. पुढे सरकारनेच संच फुकट वाटायला घेतले, गावोगाव तारही पोचली, आणि लोकांनी हप्ते भरायचं सोडलं. फुकटाने कसं वाटोळं होतं ते तिथे बघावं. केनियात २०१२ पासून मोबाइलवरून रोज थोडे थोडे पैसे भरून लोक सौर संच घेतात. पैसे थांबले की संच बंद, पुन्हा भरले की चालू, साधारण वर्षभरात संच स्वतःचा.

हे वाचून कोणी म्हणेल, काय भारी कल्पना! अहो, ही तर आपली पिग्मी! १९२८ मध्ये मणिपालच्या पै मंडळींच्या सिंडिकेट बँकेने रोजचे दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली. आमच्या पतपेढीतही पिग्मी एजंट सायकलवरून फिरायचे. पानवाला, इस्त्रीवाला, खानावळवाली, कोणाला कधी द्यायला जमतं हे त्यांना तोंडपाठ असायचं. रोज पैसे गोळा करायची सवय या मातीत शंभर वर्षांची आहे. ठेव म्हणून रोजचे दीडशे घ्यायला हेच लोक दारात येतात, आणि कर्जाचा हप्ता म्हणून तेच दीडशे चालत नाहीत? का?

आपल्या पवईचंच घ्या. आयआयटीने शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांचं काम हाती घेतलं तेव्हा दिवे जोडायला गावातलीच माणसं शिकवली, दुरुस्तीलाही तीच. मुलांकडून एकशेवीस रुपये घेतले, फुकट दिला नाही. राजस्थानातल्या डुंगरपूरच्या बायका त्यातूनच पुढे स्वतः पॅनेलं बनवायला लागल्या. भांडुपपासून पवई किती लांब आहे? शेअर रिक्षाने जाता येतं.

हो, फेरीवाल्यांमुळे स्टेशनबाहेर चालायला जागा नसते, मान्य. मलाही रोज त्रास होतो. हो, जून ते सप्टेंबर पॅनेलं बरीच कमी वीज देतात, तेव्हा पोराला थोडंफार मीटरवर चार्ज करावंच लागेल. कारखाने, लोकल, हॉस्पिटलं बॅटऱ्यांच्या हातगाडीवर चालत नाहीत, हेही कळतं मला. आणि छोटी कर्जं बुडतात, चोवीस वर्षांत मीही बुडालेली पाहिली. पण मोठी बुडतात तेव्हा कोणी तारण विचारत बसल्याचं आठवत नाही.

जगात अजून पासष्ट कोटींहून जास्त माणसांच्या घरात वीज नाही, बहुतेक आफ्रिकेत. २०३० पर्यंत सगळ्यांना द्यायची असं २०१५ मध्ये सगळ्या देशांनी ठरवलं होतं. ती काय नुसत्या मोठ्या धरणांनी आणि मोठ्या कंपन्यांनी पोचणार आहे? शेवटच्या गल्लीत, शेवटच्या पाड्यावर कोणीतरी वही घेऊन फिरणारा लागतोच. त्याला भांडवल द्या, बाकी तो बघतो.

मघाशी लिहिता लिहिता उठून भाजी आणायला गेले होते. पोरगा नेहमीच्या वेळेला आला होता, चेहऱ्यावर सकाळचं काही नाही. मावशींना त्याने काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्यांनी मला जुडी दिली, पैसे घेईनात. जबरदस्तीने ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "बँकवाल्याला सांगायचं ना ताई, आम्ही चाळीसजण त्याला ओळखतो." मला तिथेच भरून आलं. चाळीस माणसांची साक्ष घ्यायची सोय त्या अर्जात कुठे आहे?

सोमवारी आम्ही दुसऱ्या शाखेत जाणार आहोत. या वेळी सहाच्या सहा वह्या नेणार आहे, आणि मावशीही येते म्हणाल्यात, सकाळचा धंदा सोडून. तुमच्यापैकी बँकेत असलेले बरेच जण आहेत, तेव्हा हक्काने सांगते: भांडुप, मुलुंड, कांजूरच्या बाजूला मुद्राचं काम मनापासून करणारं कोणी असेल तर इनबॉक्सला नाव कळवा. ठाण्यालाही येऊ. फक्त वही उघडून बघणारं माणूस हवं.