मोर उमटू नये म्हणून

सोलापुरात पाऊस किती पडतो, हे सोलापूरकराला विचारू नये. जो पडतो तो तिरका पडतो आणि नेमका गॅलरीतल्या वॉशिंग मशीनवर पडतो, एवढं सांगतो. त्यावर उपाय म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा. बोटींच्या केबिनला खिडक्या म्हणून लावतात तीच ही जात, मऊ पीव्हीसी. उजनीला न जाता आमच्या घरात बोट आली, ती एवढीच.

दहा बाय सात फुटांचा, अर्धा मिलीमीटर जाडीचा पडदा साधारण चार किलो भरतो. कडेची पट्टी, आयलेट (हुकात अडकवायच्या भोकांच्या कड्या) आणि झिपची चेन यांचं वजन वेगळं. लावायला अर्धा तास पुरतो. कसोटी लागते ती हस्ताचा पाऊस आटोपल्यावर, उतरवताना. साडेचार महिने तो आपली सेवा करतो आणि उरलेले साडेसात महिने आपण त्याची. साडेसात हा आकडा मी मुद्दाम काढलेला नाही, हिशेबच तसा येतो.

मुळात पीव्हीसी म्हणजे नळाचा कडक पाइप. त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य सढळ हातानं मिसळलं की तो लवतो. हे द्रव्य कायम पळून जायच्या बेतात असतं. उकडलं की लवकर निघतं, शेजारी दुसरं प्लॅस्टिक दिसलं की त्यात शिरतं. ते गेलं की पडदा आखडतो, पिवळा पडतो आणि एके दिवशी घडीवरच तडकतो. म्हणजे आपण पडदा सांभाळत नाही, त्यातलं तेल सांभाळतो.

आधी अंघोळ. कोरडं फडकं पडद्याच्या आसपासही फिरकू द्यायचं नाही, कारण आपल्याकडची धूळ म्हणजे फुकटचा पॉलिश पेपर. आधी नुसतं पाणी ओतून ती वाहू द्यावी. मग अर्ध्या बादलीत चमचाभर भांड्याचं लिक्विड घालून मऊ सुती कापडानं, न रगडता पुसावा. शेवटचं पाणी बोअरचं नको, क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. नळाचं घ्यावं, म्हणजे नळाला ज्या दिवशी येईल त्या दिवशी. या वेळी शेजारचा कुणीतरी हमखास डोकावतो, "काका, काच पुसायचा निळा स्प्रे मारा की ओ, दोन मिनिटांत चकाचक!" त्याला चहा द्यावा, पण स्प्रे घेऊ नये. त्यातल्या अमोनिया आणि अल्कोहोलनं पडदा धूसर होतो. थिनर आणि रॉकेलचं तर नावच नको.

मग सावलीत, दोन्ही बाजूंनी, शिवणीसकट वाळवायचा. ओलसर गुंडाळला तर तो दुधाळ होतो आणि शिवणीत काळी बुरशी धरते.

आता खरी पंचाईत. दोन थर एकमेकांवर टेकले तर चिकटतात, म्हणून मध्ये कापड हवं. कापडाच्या गावात कापडाची काय कमी? कपाट उघडलं की वर चादरी, खाली टॉवेल, दोन्ही भौगोलिक मानांकनवाले. आणि दोन्ही बाद! मऊ पीव्हीसी उन्हाळ्यात आणखी मऊ होतं आणि ज्याला टेकेल त्याचा ठसा घेतं. जाड विणीची चादर मध्ये घातली तर जूनमध्ये पडद्यावर अख्खा मोर उमटलेला मिळतो, पिसाऱ्यासकट. टॉवेल घातला तर त्याच्या फाशांचे बारीक पुरळ उठतात. वर्तमानपत्र घातलं तर शाई उतरते आणि पुढचा पावसाळाभर गॅलरीतून शिळ्या बातम्या वाचाव्या लागतात. रंगीत कापडाचा रंग लागतो. चालतं ते एकच, धुऊन धुऊन विरलेलं, पांढरं, गुळगुळीत सुती कापड. म्हणजे जुनं धोतर. आणि घरात धोतर नेसणारा माणूस शेवटचा कधी होता, यावर तासभर चर्चा होते.

घडी घालायची नाही, गुंडाळी करायची. गाभ्याला किमान चार इंच व्यासाचा पाइप घ्यावा. ड्रेनेजचा ११० मिलीमीटरचा मिळतो तो उत्तम, पण तोही पीव्हीसीच, तेल पिणाऱ्यांतला. म्हणून त्यालाही आधी धोतर. चेन आणि आयलेट गुंडाळीच्या बाहेरच्या कडेला राहतील असं धरून सैल गुंडाळायचं. वर सुतळी आवळू नये, तिची खाच पडते. दोन बोटं रुंद कापडी पट्टी सैलसर बांधावी. चिकटपट्टीचा गोंद निघता निघत नाही आणि काढायला पुन्हा तेच थिनर आठवतं.

ठेवायचं कुठं? माळ्यावर तर मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या माळ्यात पापडही भाजून निघावेत. उभी ठेवली तर गुंडाळी खाली बसते आणि कड मुरडते. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतला पलंग, त्याच्या खाली आडवी. वर गाद्यांचा ढीग नको. पडदा अख्खा मावेल एवढी मोकळी जागा असेल तर गुंडाळीपेक्षा सपाट पसरून ठेवणं केव्हाही चांगलं, पण त्या जागेवर धान्याच्या डब्यांचा हक्क आधीचा आहे आणि तो वाद मी जिंकेन असं वाटत नाही. पलंगावर झोपणारा मात्र कूलरचं तोंड आपल्याकडे की पडद्याकडे, याचा रोज रात्री अंदाज घेत असतो.

जूनमध्ये पडदा टांगायची वेळ भर दुपारची. गुंडाळीतून काढल्या काढल्या लावायला गेलं तर आयलेट हुकापासून बोटभर लांब राहते. जोर लावला तर आयलेट कडेच्या पट्टीतून सुटून येते. तासभर उबेत लोंबू द्यावा, मग सैलावतो. तोवर एक कोपरा धरून स्टुलावर उभं राहायचं. आणि आतून आवाज येतो, "अहो, पाऊस लांबलाय म्हणतात, पंधरा दिवस."