पदवीचे नावसुद्धा नीट लिहिता येऊ नये?

महाविद्यालयांच्या निमंत्रणपत्रिका, अभिनंदनाचे फलक आणि प्राध्यापकांचे परिचय यांत डॉक्टरेट पदव्यांच्या इंग्रजीची जी दैना चालते, ती पाहून संताप अनावर होतो. ‘अवॉर्डेड विथ डॉक्टरेट इन पीएच.डी.’ असे छापणाऱ्याला एवढेही ठाऊक नसावे की पीएच.डी. हीच डॉक्टरेट आहे आणि ‘इन’च्या पुढे विषयाचे नाव यायला हवे? ‘शी इज अ डॉक्टरेट’ हे तर व्यासपीठावरून सर्रास ऐकू येते. इंग्रजीत डॉक्टरेट ही पदवी असते. ती मिळवणारी व्यक्ती डॉक्टर होते, डॉक्टरेट होत नाही. नावाआधी ‘डॉ.’ लावले की नावानंतर ‘पीएच.डी.’ लावायचे नाही, हा साधा संकेतही कोणी पाळत नाही. आणि प्रबंध सादर होण्यापूर्वीच नावापुढे ठळक ‘पीएच.डी.’ छापून कंसात बारीक अक्षरांत ‘पर्स्युइंग’ लिहिणे ही भाषेची चूक नव्हे, ती लबाडी आहे.

सर्वांत जास्त चीड येते ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची हेळसांड पाहून. लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. (१९२३) आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. (१९२७) या पदव्या त्यांनी पैशाची चणचण सोसत, ग्रंथालयांत दिवसचे दिवस बसून, प्रबंध लिहून मिळवल्या, कोलंबियाची एलएल.डी. (१९५२) आणि उस्मानिया विद्यापीठाची डी.लिट. (१९५३) या सन्मानार्थ मिळाल्या. चारही मोलाच्याच, पण मानद पदवीमागे ‘ऑनररी’ किंवा ‘ऑनोरिस कॉझा’ लिहावे, म्हणजे कोणती पदवी कशाबद्दलची हे वाचणाऱ्याला कळते. आपल्या फलकांवर मात्र सगळी आद्याक्षरे एकाच ओळीत कोंबलेली असतात. डी.एस्सी.मधले ‘सायन्स’ पाहून ती विज्ञान शाखेची पदवी असल्याचे बिनदिक्कत सांगणारेही भेटतात, वास्तविक ती अर्थशास्त्रातली आहे आणि तिचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर आहे!

संदर्भसूचीतला एक स्वल्पविराम चुकला म्हणून विद्यार्थ्याचा प्रबंध परत पाठवणारे मार्गदर्शक ज्या विभागात बसतात, त्याच विभागाच्या पत्रिकेवर असली इंग्रजी छापून येते, हे मला मुळीच सहन होत नाही. छापखान्याला दोष देऊ नका. छापखाना हाती आलेला मजकूर छापतो, आणि तो मजकूर विभागातूनच जातो. मुद्रिते तपासायला तिथल्या एकाही डॉक्टरला पाच मिनिटे मिळत नाहीत का?