परदेशातल्या मुक्कामाची तारीख आई-वडिलांना स्वतःला माहीत हवी

सांगली, मिरज, तासगाव, विटा या आपल्या पट्ट्यात आता जवळजवळ प्रत्येक गल्लीतून कुणाचे तरी आई-वडील मुलांकडे परदेशी जाऊन आलेले आहेत. सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण असतं, नातवाची शाळा सुरू व्हायची असते, नाहीतर नुसतीच ओढ असते. मी विश्रामबागेत राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीतली माणसं त्यांचे कागद दाखवायला माझ्याकडे येतात. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. या मुक्कामाचं सगळं मुलं ठरवतात आणि ज्यांच्या नावाचा पासपोर्ट आहे त्यांना आपण त्या देशात कोणत्या तारखेपर्यंत कायदेशीर आहोत एवढंही माहीत नसतं. हे बदललं पाहिजे.

अमेरिकेपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथलाच. आपल्या लोकांना बी-१/बी-२ व्हिसा, म्हणजे भेटीला किंवा फिरायला जाणाऱ्यांचा व्हिसा, बहुधा दहा वर्षांचा मिळतो. तो पासपोर्टवर चिकटलेला असतो, त्याच्यावर तारीख असते आणि माणूस तीच तारीख धरून चालतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला तर व्हिसाची कामं करणाऱ्या माणसानंच सांगितलं होतं, "दहा वर्षांचा आहे, कितीही राहा." हे साफ चुकीचं आहे. त्या तारखेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन आत सोडा म्हणू शकता, एवढाच त्या व्हिसाचा अर्थ. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत लिहिलेलं असतं. पूर्वी पासपोर्टमध्ये कागदाचा तुकडा लावून द्यायचे. आता ही नोंद ऑनलाइन असते, पासपोर्ट नंबर टाकून कुणालाही स्वतःची काढता येते. बहुतेकांना सहा महिने मिळतात, पण अधिकारी कमीही देऊ शकतो.

इथेच एक खाच आहे. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या आत संपणार असेल तर आय-९४ ची तारीखही पुष्कळदा तिथवरच मिळते. घरातले सगळे "सहा महिने आहेत" म्हणून निवांत असतात आणि प्रत्यक्षात चारच मिळालेले असतात. म्हणून पासपोर्टला वर्ष-दीड वर्षच उरलं असेल तर आधी नवा करून घ्या आणि मगच तिकीट काढा. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालू असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे असतात.

आता मुदत वाढवण्याबद्दल, कारण खरा वाद तिथे आहे.

माझी आक्का आणि दाजी तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. पोरगं अमेरिकेत. बागायतदाराचं वर्ष दोन छाटण्यांवर चालतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी उरकली की दाजी मोकळे होतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीआधी त्यांना बागेत असायलाच लागतं. मध्ये सहा महिने मिळतात आणि अमेरिकेचा मुक्कामही सहा महिन्यांचाच, म्हणून त्यांना हे गणित फार सोयीचं वाटलं. पण ऑगस्टमध्ये मुलगा म्हणाला, बाळ अजून लहान आहे, आपण मुदत वाढवून घेऊ. त्यानं अर्ज भरायला घेतला, दोघांच्या नावानं. दाजींचा मला फोन आला तेव्हा ते मला एवढंच विचारत होते, "ताई, मी सही केली तर मला ऑक्टोबरात येता येईल का?"

येता येतं. अर्ज पडून असतानाही माणूस देश सोडून येऊ शकतो. पण हा प्रश्न त्यांना मुलाला विचारता आला नाही, मला विचारावा लागला, याचं मला फार वाईट वाटलं. मुलगा वाईट नाही. त्यानं सगळं प्रेमानं केलं होतं. फक्त बापाचं इकडे एक चालू आयुष्य आहे, छाटणीची तारीख हलली की माल बाजारात यायची वेळ हलते, मजुरांची टोळी दुसऱ्याच्या बागेत जाते, हे तिकडच्या घाईत त्याच्या डोक्यातून निसटलं होतं. आक्काला मात्र मनापासून राहायचं होतं. शेवटी अर्ज तिच्या एकटीच्या नावानं गेला आणि दाजी सप्टेंबरअखेर परत आले. दोघांनी एकत्रच राहिलं पाहिजे असा नियम कुठेही नाही. घरात मात्र ही शक्यता तोपर्यंत कुणी बोललंच नव्हतं.

मुदतवाढीचा अर्ज म्हणजे आय-५३९. २०२४ च्या एप्रिलपासून त्याची फी ऑनलाइन ४२० डॉलर आणि कागदावर ४७० डॉलर झाली. आय-९४ ची तारीख उलटायच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा असं तिथलं खातंच सांगतं. तारीख उलटल्यावर केलेला अर्ज अगदी अपवादानंच विचारात घेतात. का राहायचं आहे, खर्च कोण करणार आणि परत जाणार हे कशावरून, या तिन्हींची कागदानिशी उत्तरं द्यावी लागतात. इकडचं घर, शेतीचा सातबारा, पेन्शनचे कागद इथे उपयोगी पडतात. निर्णयाला कित्येक महिने लागतात. वेळेत अर्ज केलेला असेल तर तोवरचा मुक्काम बेकायदा धरत नाहीत. पण नकार आला की मग थांबायचं नाही, लगेच निघायचं. पोचपावती जन्मभर जपून ठेवा. पुढच्या खेपेला विमानतळावर "मागच्या वेळी एवढे दिवस का राहिलात?" असं विचारलं तर तीच दाखवायची आहे, आणि ती दाखवायला मुलगा शेजारी उभा नसतो.

अर्ज न करता राहिलात तर काय होतं हे घाबरवायला सांगत नाही, पण माहीत पाहिजे. एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द धरला जातो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला आणि मग बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेश बंद. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाला तर दहा वर्षं. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं बंदी म्हणजे नातवंडांकडे पुन्हा जाणं जवळजवळ संपलंच. आणखी एक सल्ला आपल्याकडे फिरतो, की चार दिवस मेक्सिकोला जाऊन आलं की सहा महिने नव्यानं मिळतात. तसा कुणाचा हक्क नाही. अधिकारी जुनीच तारीख कायम ठेवू शकतो. नसत्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना सीमेवर उभं करू नका.

"व्हिसाच लागत नाही" हे ऐकूनही लोक हुरळतात. माझ्या मते अशा सवलतीत उलट जास्त जपायला लागतं. अमेरिकेचंच बघा. युरोपातल्या बऱ्याच देशांच्या लोकांना तिथे व्हिसाशिवाय ९० दिवस जाता येतं, पण ती मुदत वाढवून मिळत नाही. आपण रांगेत उभं राहून व्हिसा काढतो, म्हणून आपल्याला वाढीचा अर्ज तरी करता येतो. थायलंडनं २०२४ च्या जुलैत भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस दिले आणि वर ३० दिवसांची वाढ १,९०० बाथ भरून तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात घेता यायची. पण अशी सवलत एक सरकार देतं आणि पुढच्या वर्षी कमीही करतं. गेल्या वर्षी शेजारी जाऊन आला म्हणून तोच नियम आपल्याला लागू धरू नका. आपल्याला खऱ्या अर्थानं मोकळीक आहे ती नेपाळात. तिथे भारतीयांना व्हिसा लागत नाही.

बाकी देशांचं थोडक्यात. ब्रिटनचा व्हिसा पाच-दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला सहा महिनेच, आणि भेटीला आलेल्याला त्यापुढे वाढ सहसा नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. ते सगळ्या देशांचे मिळून मोजतात. २०२५ च्या ऑक्टोबरपासून तिथे शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा "शिक्का पुसट होता" हे आता चालणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर ८५०३ ही अट आहे का ते आधी बघा. असेल तर मुदतवाढीचा विचारच सोडा.

कॅनडाचं मला मनापासून आवडतं. तिथे आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी वेगळा सुपर व्हिसा आहे. २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आणि मुलाच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. आई-वडील येणार, राहणार, पुन्हा येणार हे त्या सरकारनं मान्य करून टाकलं आहे. अमेरिकेनं असं काही केलं तर कितीतरी घरांची दर सहा महिन्यांची धडधड थांबेल.

मुक्काम वाढवताना मुलं आणखी दोन गोष्टी विसरतात. प्रवासी विमा ठराविक दिवसांचाच काढलेला असतो, तो संपायच्या आत वाढवायला लागतो. अमेरिकेत विम्याशिवाय एक रात्र दवाखान्यात काढली तरी काय बिल येतं ते तिकडे राहणाऱ्यांना मी सांगायला नको. बीपी-शुगरच्या गोळ्यासुद्धा आपल्या मिरजेच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर तिकडच्या दुकानात मिळत नाहीत. दुसरी गोष्ट पेन्शनची. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला लागतो. आता मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढता येतं, पण ते सगळ्यांना जमतंच असं नाही, आणि पेन्शन थांबली की म्हातारा माणूस परक्या देशात एकदम लेकराच्या हाताकडे बघायला लागतो.

तिकडे असलेल्या मुलामुलींनो, आई-बाबा उतरले की पहिल्याच आठवड्यात त्यांना शेजारी बसवा आणि त्यांचं आय-९४ त्यांच्यासमोर काढा. तारीख मोठ्या अक्षरात मराठीत लिहून त्यांच्या खोलीत लावा. परतीचं तिकीट त्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीचं ठेवा, म्हणजे आजारपण किंवा विमान रद्द झालं तरी हातात वेळ राहतो. मुदत वाढवायची असेल तर अर्ज भरायच्या आधी दोघांना वेगवेगळं विचारा. आईचं उत्तर एक असेल आणि बाबांचं दुसरं. दोन्ही ऐकून घ्या, आणि ज्याला परत यायचं आहे त्याचं तिकीट त्याच दिवशी काढा.